ओयदिनच्या दारावरचा आकडा

आमच्या गल्लीत ओयदिनला सगळे हट्टी म्हणतात. मी करोमत, तिची शेजारीण. आमची मधली भिंत एकच आहे, त्यामुळे तिच्याबद्दल मला कुणी शिकवू नये. ती हट्टी नसती तर कालव्याकाठची तिची तुतीची रांग केव्हाच दुसऱ्याच्या पदरात पडली असती.

गेल्या वर्षी एप्रिल संपताना अचानक गारठा पडला आणि तिच्या रेशमाच्या अळ्या कात टाकता टाकता मेल्या. इथे उझबेकिस्तानात, मर्गिलानच्या गावांत आम्ही बायका अळ्या घरातच वाढवतो. घरातली चांगली खोली त्यांची, आपण ओसरीत. तुर्सुनबोय अका, म्हणजे तुर्सुनबोय दादा, आमचा मुकादम. अळ्यांची अंडी तोच वाटतो आणि पाल्यासाठी तुतीची झाडंही. यंदा अंडी वाटताना त्याने सगळ्यांदेखत तिला सांगून टाकलं, "यंदाही मारल्यास तर तुझी रांग काढून घेईन. पुन्हा मागायला येऊ नकोस."

झाडं नाहीत तर पाला नाही आणि पाला नाही तर अळ्या नाहीत. लग्न होऊन आल्यापासून तिचा एकही वसंत अळ्यांवाचून गेला नव्हता. मला वाटलं, ही रडेल. ती फर्गाना शहराच्या बाजारात गेली आणि काडेपेटीएवढा एक मायक्रोकंट्रोलर बोर्ड घेऊन आली. उष्णता मोजणारा सेन्सर, आकडा दाखवणारा एक चिमुकला पडदा आणि एक भोंगाही आणला. वय चोपन्न.

तारांना ती भीत नव्हती. सूतगिरणी बंद पडेपर्यंत वीस वर्षं तिथल्या यंत्रांची वीज तिनेच सांभाळली होती. पण प्रोग्राम लिहायचा होता मुलीच्या जुन्या लॅपटॉपवर, आणि लॅपटॉपला बोर्ड दिसेचना. तीन दिवस ती केबल काढत होती, लावत होती आणि बोर्ड विकणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होती. चौथ्या दिवशी तिला कळलं, ती केबल नुसती चार्जिंगची. वीज नेते, निरोप नेत नाही! तिने ती अंगणात भिरकावली, कोंबड्या सैरावैरा पळाल्या आणि ती माझ्या घरातून माझी केबल घेऊन गेली. विचारलंसुद्धा नाही.

थोड्या वेळाने भिंतीपलीकडून ओरडली, "करोमत, ये लवकर!"

बोर्डवरचा इवलासा दिवा लुकलुकत होता. तिने प्रोग्राममधला एक आकडा बदलला, दिवा भराभर लुकलुकू लागला.

"बघ, माझं ऐकतोय!"

"चला, या घरात कुणीतरी ऐकलं तुझं," मी म्हटलं.

दोन दिवसांत भोंगाही बोलू लागला. खोलीची उष्णता तेवीस अंशांच्या खाली गेली की तो किंचाळणार आणि ही शेगडीत कापसाच्या वाळक्या पळाट्या कोंबणार. पडदा तिने लांब तार जोडून दाराबाहेर ठोकला, कारण अळ्या कोष बांधेपर्यंत बाहेरच्या माणसाने त्या खोलीत पाऊल टाकायचं नाही. दृष्ट लागते.

आणि इथेच बाई चुकली. एवढ्या तारा जोडणारी, पण नव्या यंत्रालाही दृष्ट लागेल म्हणून तिने सेन्सरसकट बोर्ड वर तुळईला बांधला, इसिरिकच्या जुडीत आणि लाल मिरच्यांच्या माळेत. आम्ही दृष्ट काढायला त्याच इसिरिकचा धूर करतो.

मेच्या पहिल्या आठवड्यात पुन्हा गारठा आला. तिची सासू, रिसोलत आजी, रोजच्यासारखी बाह्या वर करून खोलीत गेली. आमच्याकडे अळ्यांची ऊब उघड्या अंगानेच जोखतात.

आजी बाहेर येऊन म्हणाली, "सूनबाई, आत गार आहे. अळ्यांनी खाणं सोडलंय."

"आई, सव्वीस आहे. आकडा बघा ना!"

"आकड्याला अंग आहे का गं? मला आहे."

ओयदिन चिडून आत गेली. स्टुलावर चढली तर तुळईपाशी छान ऊब. खाली उतरून तिने अळ्यांच्या फळीला गाल लावला आणि तिचा चेहराच उतरला. ऊब सगळी छताला, गारठा सगळा अळ्यांना. तिने मिरच्यांसकट जुडी ओढून काढली आणि सेन्सर फळीवर पाल्याशेजारी ठेवला. आकडा पंचवीस, बावीस, एकोणीस असा घसरत गेला आणि भोंगा असा किंचाळला की गल्लीभर दारं उघडली. त्या दिवशी तिने माझ्याही घरच्या पळाट्या जाळल्या. काही अळ्या गेल्याच.

तेवढं तुर्सुनबोय अकाला पुरलं. आठवड्याने तो दारात उभा.

"अळ्या मेल्या म्हणे. दार उघड, बघू दे. नाहीतर रांग आजच पलीकडच्या गल्लीतल्या त्या नसीबाबाईला देतो."

ओयदिन उंबऱ्यात आडवी उभी राहिली. "बाहेरचा माणूस आत नाही. गावभर हा नियम सांगत कोण फिरतं? तुम्हीच ना?"

"मग मला कळणार कसं?"

"हा बघा आकडा. चोवीस."

"आकडा काय, तू हवा तो आणशील. मी नाही विश्वास ठेवत."

"नका ठेवू! मग दाराला कान लावा, अका. कान तर तुमचाच आहे ना?"

आम्ही सगळ्या बघत होतो, त्यामुळे त्याला मागे हटता येईना. टोपी सारखी करत तो वाकला आणि कान लावला. अळ्या शेवटची कात टाकून वखवखल्या होत्या. सुक्या पाचोळ्यातून शेळ्यांचा कळप जावा तसा त्यांच्या खाण्याचा आवाज येत होता, मला अंगणातून ऐकू येत होता. तो बराच वेळ तसाच वाकून राहिला.

"ठीक आहे. राहू दे झाडं तुझ्याकडे."

"राहू दे नाही. तुझी आहेत म्हणा."

"तुझी आहेत, बाई! तुझी!"

तो गल्लीच्या वळणापलीकडे गेला आणि ओयदिन उंबऱ्यावर बसून हमसून हमसून रडली. तिला तसं रडताना मी कधी पाहिलं नव्हतं. मलाही आवरेना. मग तिने ओढणीने नाक पुसलं, कोयता उचलला आणि पाला तोडायला कालव्यावर गेली.