बनाबाईची घागर

क्रांतीवहिनी साताऱ्याला बी.एस्सी. झाल्या आणि लग्न होऊन औंधजवळच्या आमच्या वाडीत आल्या. नोकरी काही मिळाली नाही. मग रविवारी दुपारी सोप्यात पोरं जमवून घरातल्याच वस्तूंनी विज्ञान शिकवायच्या. साध्या पाण्यात अंडं बुडायचं. भरपूर मीठ विरघळवलं की तेच वर यायचं. सालीसकट संत्रं तरंगायचं, सोललेलं तळाला जायचं.

एकदा उत्कर्षानं विचारलं, "वहिनी, मग बनाबाईची घागर का तरंगती?"

बनाबाई पाणी आणायला गेली आणि माळावरच्या विहिरीत बुडून मेली, त्याला वर्षं लोटली होती. तिची पितळी घागर तेव्हा सापडली नव्हती. या उन्हाळ्यात ती एकाएकी पाण्यावर दिसायला लागली. वारा नसतानाही सावकाश गोल फिरायची. बायकांनी ती वाटच सोडली होती.

वहिनींनी रिकामा तांब्या बादलीत सोडला. तरंगला. काठोकाठ भरून सोडला. बुडाला. "घागरीत हवा असणार. चला, दाखवते."

विहिरीवर पोरांना लांब बसवलं. शेजारच्या नाथाजीआबांनी गळ टाकून घागर ओढली.

"लय जड हाय गं," ते म्हणाले.

घागर काठोकाठ भरलेली होती.

"ओढताना भरली असेल, आबा."

"न्हाई. तरंगत हुती तवाच भरल्याली. मी बघितली की."

घरी येऊन वहिनींनी ते पाणी दारातल्या अबोलीच्या झाडाला ओतलं, घागर पुन्हा भरली आणि हौदात सोडली. धपकन बुडाली. दुसऱ्यांदाही बुडाली. पोरं त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली.

"मला नाही कळत," वहिनी म्हणाल्या.

दिवस कलताना बनाबाईची म्हातारी आई, हरणाबाई, आली. घागरीचा पोचा चाचपत तिनं विचारलं, "आतलं पानी कुटं हाय?"

"ओतलं, आजी."

"माज्या लेकीनं भरल्यालं हुतं ते. घरला आनत हुती."

वहिनी विहिरीवर परत गेल्या, घागर भरली आणि डोक्यावर घेऊन हरणाबाईच्या घराकडे निघाल्या. घागरीचं वजनच लागेना. त्यांनी दोनदा हात वर करून बघितलं. बोटं पाण्यात भिजली.

हरणाबाईच्या उंबऱ्याशी मात्र घागर एकदम जड झाली. मान दबली, गुडघे वाकले. म्हातारीनं धावत येऊन दोन्ही हातांनी ती उतरवून घेतली. मग वहिनींच्या मागं, रिकाम्या वाटेकडं बघत म्हणाली,

"आलीस व्हय गं? किती उशीर."