इंजिनकाकांची घोडी

इंजिनकाकांनी एकतीस वर्षं द्राक्षमळ्यात ट्रॅक्टर चालवला. त्या धडधडीनं त्यांचा डावा कान गेला आणि बोलायची सवयही जवळजवळ सुटली. जेवताना मीठ हवं असलं तरी ते बोटानं दाखवत. एकोणसाठाव्या वर्षी मालकीणबाईंनी ट्रॅक्टरची किल्ली परत मागितली, तेव्हा त्यांनी ती खिशात आणखी खोल सारली. नुसते खिसा घट्ट धरून उभे राहिले.

मालकीणबाईंच्या घरात चार पिढ्या वाइन होत आली होती. "काका, तुमचं काही चुकलेलं नाही," त्या म्हणाल्या. "पण ट्रॅक्टरच्या वजनानं ओळींमधली माती चेपून दगड झालीय. पाणी मुरत नाही, मुळं खोल जात नाहीत. यंदापासून नांगर घोडी ओढेल. आणि घोडीमागे तुम्ही."

घोडी आली. ताटाएवढे खूर आणि चेहऱ्यावर हेडमास्तरीणबाईंचा भाव. काका लगाम धरून "चल" म्हणाले. घोडी ढिम्म. गोंजारून झालं, ढकलून झालं. गाजर दाखवलं, तर ते खाऊन ती पुन्हा खांबासारखी उभी. तीन दिवस हाच तमाशा चालला. वेली छाटणाऱ्या बायका डबे घेऊन बांधावरच बसायला लागल्या.

चौथ्या दिवशी मालकीणबाईंनी घोडी विकणाऱ्याला फोन लावला.

"अरे हो, सांगायचं राहूनच गेलं," तो म्हणाला. "गाणं म्हटल्याशिवाय ती पाऊल उचलत नाही. आमचे वडील म्हणायचे ना, तीच सवय लागलीय तिला."

काकांना दरदरून घाम फुटला. जन्मात त्यांनी कधी शीळ घातली नव्हती, गाणं तर एकही येत नव्हतं. शेवटी बायकांकडे पाठ करून, डोळे मिटून, तोंडपाठ होतं तेच त्यांनी सुरात धरलं. "क्लच, गिअर, ब्रेक, रेडिएटर गं, पंख्याचा पट्टा, डिझेलचा फिल्टर गं..."

सूर कसला, फाटका सायलेन्सर. पण घोडीनं कान टवकारले आणि ती जी सुटली, ती काकांना नांगराच्या मुठीला लोंबकळवत थेट उताराच्या टोकापर्यंत. टोपी एका वेलीला अडकली, एक बूट मधेच राहिला, आणि काका मातीत बसून पोट धरधरून हसत होते. बायका एकमेकींच्या गळ्यात पडल्या. काका हसतात हेच कुणाला ठाऊक नव्हतं.

मग काय, काका थांबेचनात. ट्रॅक्टरचे भाग आठवड्यात संपले. पुढे गाण्यात मालकीणबाईंचा गळका पंप आला, शेजारच्या मळ्यातला आळशी कुत्रा आला, पिंपं बनवणाऱ्या सुताराच्या मिशा आल्या. सुतार तर रोज कुंपणाशी येऊन विचारायचा, "आज माझं नवीन कडवं झालं का?" घरीही तेच. भांडी विसळताना, मोजे घालताना, काकांचं तोंड अखंड सुरू.

काकू बेकरीत कामाला होत्या. त्या एकदा म्हणाल्या, "अहो, बत्तीस वर्षं मी भिंतीशी संसार केला, आणि आत हे सगळं कोंबलेलं होतं होय?"

"मला तरी कुठे माहीत होतं," काका म्हणाले आणि त्यांनी लगेच त्याचंही कडवं केलं.

दोन हंगामांत माती मोकळी झाली. मालकीणबाईंनी सहज छत्रीचं टोक रोवलं, तर निम्मी छत्री आत गेली. ढेकळाखाली गांडुळं वळवळताना दिसली तेव्हा त्यांनी काकांचे दोन्ही हात धरून तिथेच गिरकी घेतली. त्या वर्षी द्राक्षं बारीक आली, पण रस असा दमदार की पिंपात पडताच बुडबुड करून वर चढायला लागला.

एका रविवारी काकू मळ्यात आल्या. "सरा, मला बघू द्या," म्हणून त्यांनी नांगर धरला आणि त्या हळू आवाजात लोणी, साखर, गरम पाव असं काहीबाही गुणगुणायला लागल्या. घोडी अलगद निघाली. नांगराचा तास पडला तो पट्टीनं आखल्यासारखा सरळ.

काका बघतच राहिले. "माझ्याबरोबर कधी अशी चालली नाही."

"तुम्ही तिला नट-बोल्ट ऐकवता," काकू म्हणाल्या. "कशी चालेल?"

काका धावत गेले आणि त्यांनी नांगराची दुसरी मूठ धरली. काकूंचा पाव आणि काकांचा रेडिएटर एका सुरात काही बसेना. घोडी दोनदा थांबली, मागे वळून तिनं दोघांकडे बघून घेतलं आणि नाइलाजानं दुडकी धरली. ओळ नागमोडी झाली. दोघं धापा टाकत, हसत तिच्यामागे पळत राहिली.

सोमवारी काकूंनी बेकरीत आठवड्याला आणखी एक सुट्टी मागून घेतली.