हे खरं आहे की मशीन मी पुसली

"या फोटोत हातात काय आहे?" कंपनीच्या वकिलानं विचारलं.

"कापड."

"फडकं म्हणतात त्याला, बाई."

लेबर कोर्टात हशा पिकला. फार मोठा नाही. मागच्या बाकावर आपापल्या तारखेला आलेले कामगार बसले होते, तेही हसले. ते जास्त लागलं. मी साक्षीच्या पिंजऱ्यात उभी. वकिलाच्या हातात माझा फोटो, मोठा करून आणलेला. तो मीच कोर्टात दिला होता. माझ्याकडचा एकुलता एक पुरावा.

फोटो खंडेनवमीचा आहे. चाकणच्या ज्या कंपनीत मी राबले तिथं मोबाइल आत नेता येत नाही. गेटवर जमा करायचा. फक्त खंडेनवमीला सूट. त्या दिवशी मशीन बंद, पोरी ठेवणीतल्या साड्या नेसून येतात, मशीनला हार घालतात, फोटो काढतात. म्हणजे आमचा आमच्या मशीनसोबत फोटो निघतो कधी? तर काम बंद असतं तेव्हा. अंगात युनिफॉर्म नाही, गळ्यात कार्ड नाही, मशीनचा एक दिवा चालू नाही. आणि कोर्टात सिद्ध काय करायचं? की मी ही मशीन चालवत होते.

फोटोत सगळ्यांचे हात जोडलेले आहेत. माझे नाहीत. आम्ही बौद्ध. पूजा करत नाही. पण मशीन माझी होती. प्लास्टिक मोल्डिंगची. तिच्यातून गाडीच्या दाराचे गरम पार्ट काढायचे, कडा तासायच्या, पुढं सरकवायचे. बाकीच्या हार घालत होत्या, तेव्हा मी कापड घेतलं आणि मशीन लख्ख पुसून काढली. मला तेवढंच येत होतं तिच्यासाठी करायला. आमचे लाइन लीडर दत्ताभाऊ म्हणाले, इकडं बघा गं. फोटो निघाला. कापड हातातच राहिलं.

कंपनीचं म्हणणं सरळ होतं. ही बाई ऑपरेटर नव्हतीच. ठेकेदाराच्या कागदावर ती हाउसकीपिंगला आहे. आता गंमत अशी की त्या कागदावर आम्ही सगळ्याच हाउसकीपिंगला होतो. कागदावर झाडू, आत मशीन. उत्पादनाच्या कामावर ठेक्याच्या पोरी दाखवल्या तर कायदा आडवा येतो, म्हणून ही शक्कल. अख्ख्या चाकण पट्ट्याला हे माहीत आहे. कोर्टाला माहीत करून द्यायचं तर पुरावा पाहिजे.

मी म्हणाले, "मी पूजा करत नाही, म्हणून मशीन पुसली. माझी होती ती."

वकील न्यायाधीशांकडे वळला. "एवढं नोंदवून घ्यावं सर. मशीन पुसली."

न्यायाधीशांनी माझा जबाब म्हणून टायपिस्टला सांगितलं, "हे खरं आहे की मशीन मी पुसली."

मी म्हणाले, साहेब, का पुसली तेही लिहा. ते रागावले नाहीत. माणूस वाईट नव्हता. थकलेला होता. म्हणाले, विचारलं तेवढंच सांगा. मग मी बाह्या वर केल्या. कोपरापर्यंत चटक्यांचे डाग आहेत माझ्या हातांवर. वकिलानं लांबूनच पाहिलं.

"असे डाग पोळ्या भाजणाऱ्या बाईच्या हातावरही असतात. असतात की नाही?"

असतात. काय सांगणार? आईच्या हातावर आहेत.

मला कामावरून का काढलं, हे त्या दिवशी कुणी विचारलंच नाही. लाइनवरच्या पोरींना लघवीला जायचं तर तेवढा वेळ मशीनवर दुसरं माणूस द्या. एवढीच मागणी लिहिलेलं पत्रक मी जेवणाच्या सुट्टीत वाटलं. दुसऱ्या दिवशी गेटवर माझं कार्ड चालेना. माझ्या डोक्यात भाबडी समजूत होती, कोर्ट हे ऐकेल आणि तोलेल. माझ्या वकील ताई बाहेर आल्यावर म्हणाल्या, "आधी तू त्यांची कामगार होतीस हे ठरू दे. तुला काढणं बरोबर की चूक, ते त्याच्या पुढचं. तिथंवर गेलो तर."

तिथंवर गेलो तर. माझ्या पप्पांची त्यांच्या कंपनीविरुद्धची केस तिथंवर गेलीच नाही. कंपनी बंद पडली, तारखा पडत राहिल्या, शेवटी त्यांनी जाणं सोडलं. आता पिंपळे गुरवच्या खोलीत बसून मला सांगतात, जे देतील ते घे. त्यांचा आवाज ऐकवत नाही.

आणि कंपनी देतही होती. साक्षीच्याच दिवशी कोर्टाच्या व्हरांड्यात कंपनीचा वकील अगदी घरच्यासारखा बोलला. "ताणता कशाला? हाउसकीपिंगला होते असं लिहून द्या, सोमवारपासून या. हाउसकीपिंगला."

त्या रात्री मी सही करायच्या बेतात होते, हे लपवत नाही. माझं नाव ठेकेदारांच्या फोनमध्ये फिरतंय. कुठल्याच गेटवर आत घेत नाहीत. पण सही केली की पुसणारी मी एकटी ठरत नाही. लाइनवरच्या सगळ्या पोरी ठरतात. उद्या जिचं बोट मशीनमध्ये जाईल तिलाही विचारतील, तू तर झाडूवाली, मशीनजवळ गेलीस कशाला?

साक्ष द्या म्हणायला मी दत्ताभाऊंच्या गावी गेले. मशीन त्यांनीच शिकवली मला. वहिनींनी चहा दिला. भाऊ खाली बघत बोलले.

"व्हय पोरी, तू ऑपरेटर हुतीस. म्या न्हाई म्हणत न्हाई. पण तिथं बोलाय लावू नको. माझी जिमीन त्या कंपनीखाली हाय. तिच्या बदल्यात ही नोकरी दिली. ती बी गेली तर म्या कुठं उभा ऱ्हाऊ?"

खरं होतं. कप ठेवला आणि निघाले. परतीच्या बसमध्ये चाकणचा चौक तुंबलेला, सगळ्या कंपन्यांच्या बसा एकमेकींना चिकटून उभ्या. काचेमागं पोरी झोपलेल्या. सगळ्यांच्या गळ्यात कार्ड. त्यांच्या कार्डावर काय लिहिलंय ते मला वाचायची गरज नव्हती.

दुसऱ्या दिवशी ताईंना सांगितलं, लिहून देणार नाही. आणि दत्ताभाऊंना समन्स काढा.

ताई म्हणाल्या, "त्याची नोकरी जाऊ शकते. कळतंय ना?"

"कळतंय."

कळतंय म्हणूनच झोप नाही. त्यांनी माझं काही वाईट केलं नाही. पण खरं काय ते त्यांना माहीत आहे आणि ते बोलायला कुणीच तयार नाही, एवढ्यावरच त्या वकिलाचं हसू उभं आहे. कंपनीनं त्यांची जमीन घेतली, माझं काम घेतलं, आणि आता आम्ही एकमेकांना सांभाळून घ्यावं म्हणते. नाही सांभाळणार. भाऊंना माझ्याविरुद्ध बोलायचं असेल तर बोलू देत. शपथ घेऊन, माझ्या डोळ्यांदेखत, माझ्या हातांवरचे चटके बघत.

अर्ज दिलाय. साहेबांनी समन्स मंजूर केलंय. या वेळी टायपिस्टला काय सांगितलं जातं ते मी कान देऊन ऐकणार आहे. दत्ताभाऊंच्या घरी आता पुन्हा चहाला जाता येणार नाही. नाही जाणार.