पंचगंगेतला निळा दगड

माझ्या बायकोच्या मामांइतका दगडांना जीव लावणारा माणूस कोल्हापुरातच काय, अख्ख्या दख्खनच्या पठारावर शोधून सापडायचा नाही. कुणी पैसा जोडतो, कुणी माणसं जोडतो. मामांनी जन्मभर दगड जोडले. नोकरी भूगर्भशास्त्रज्ञाची. उमेदीची वर्षं भंडाऱ्याकडच्या कायनाईटच्या खाणीत गेली, आणि निवृत्त होऊन ते गावी परतले ते सगळ्या बिऱ्हाडापेक्षा जड अशा पेट्या घेऊन. पेटी उचलताना ट्रकवाल्यानं आत काय आहे म्हणून विचारलं. मामांनी "दगड" असं खरं ते सांगितलं, तर म्हातारा आपली चेष्टा करतोय असं समजून तो दिवसभर घुश्श्यात होता. आता ते सगळे दगड बाहेरच्या खोलीत काचेच्या कपाटात राहतात. प्रत्येकाखाली चिठ्ठी, चिठ्ठीवर दगडाचं नाव आणि तो सापडला ते ठिकाण. घरी आलेल्या पाहुण्याला आधी कपाट, मग चहा. मामी स्वयंपाकघरातून "चहा निवतोय" अशी आठवण करून देत राहतात आणि चहा खरोखरच निवतो.

कोल्हापूरला कुणी नावं ठेवलेली मामांना खपत नाहीत. पण एका बाबतीत ते स्वतःच गावाला माफ करत नाहीत, आणि ती म्हणजे इथला दगड. पन्हाळ्यापासून हातकणंगल्यापर्यंत कुठंही खणा, खाली तोच काळा बसाल्ट. "ह्यानं सोसलंय काय?" असं ते विचारतात. "लाव्हा म्हणून वर आला, गार झाला, बसला." कायनाईटची गोष्ट वेगळी. तो मुळात चिकणमाती. ती जमिनीच्या पोटात खोल गाडली गेली, वरून डोंगरांचं ओझं, खालून आच, आणि कोट्यवधी वर्षांनी तिचे सुरीच्या पात्यासारखे चपटे, निळे स्फटिक झाले. दाब कमी पडला असता तर त्याच मातीचा अँडालुसाइट झाला असता, आच जास्त लागली असती तर सिलिमनाइट. तिघे सख्खे भाऊ, फक्त वाढले वेगवेगळ्या घरी, असं मामा सांगतात. हे सगळं मला पाठ आहे, कारण लग्नानंतर पहिल्यांदा त्यांच्याकडे जेवायला गेलो तेव्हा तांबडा रस्सा पार थंड होईपर्यंत मी हेच ऐकत बसलो होतो.

मामांच्या खिशात एक छोटा चाकू असतो. तो पाहुण्याच्या हातात देऊन मामा त्याला कायनाईटच्या एका तुकड्यावर लांबीच्या अंगानं ओढायला लावतात. ओरखडा उठतो. मग आडवा ओढायला सांगतात. कितीही जोर लावा, काही होत नाही. एकाच दगडाचा कठीणपणा दोन अंगांनी दोन तऱ्हांचा! पाहुणा थक्क व्हायच्या आत मामी म्हणतात, "ह्यांचं बी तसंच हाय. कुठनं बोलायचं ते कळलं की झालं." शिरोलीच्या एका फाउंड्रीत मामांना अजूनही सल्ल्यासाठी बोलावतात. तिथं सगळे वितळलेल्या लोखंडाकडं बघत असतात, आणि मामा मात्र भट्टीच्या विटांची चौकशी करतात, कारण असली आच झेलणाऱ्या विटेत कायनाईट असतो. जुन्या ओळखीचं माणूस परगावी भेटावं तसा त्यांचा चेहरा फुलतो.

त्यांचा एक कडक नेम आहे. चिठ्ठीशिवाय दगड जागचा हलवायचा नाही. तसा हलवलेला दगड म्हणजे खोटी साक्ष, असं त्यांचं म्हणणं. एकदा माझ्या बायकोनं मालवणच्या किनाऱ्यावरून कुंडीत घालायला मूठभर पांढरे खडे आणले. मामांनी ते पिशवीत भरले आणि मालवणला निघालेल्या एका नातेवाइकाबरोबर परत पाठवले, जिथले तिथं टाकायची ताकीद देऊन. त्या पठ्ठ्यानं ते गगनबावड्याच्या घाटातच भिरकावले. हे मामांना सांगायची आजवर कुणाची छाती झालेली नाही.

मामी मूळच्या भंडाऱ्याकडच्या. त्यांचे वडील खाणीवर हजेरी घ्यायचे. मामा तिथं दगड शोधायला गेले आणि लग्न करून आले. इतक्या वर्षांत मामींची बोली अशी कोल्हापुरी झाली की त्या परमुलखातून आल्यात हे आम्ही सगळे विसरूनच गेलो होतो.

गेल्या वर्षीच्या गौरींची गोष्ट. मामांच्या घरी खड्यांच्या गौरी असतात. घरातल्या बाईनं नदीवर जायचं, तोंडातून शब्द न काढता काठाचे खडे वेचून आणायचे, त्यांना गौरी म्हणून पुजायचं, आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा नदीत सोडायचं. गेल्या वर्षी मामींचे गुडघे घाटाच्या पायऱ्या उतरू देईनात. सून पुण्याला, मामा सकाळपासून फाउंड्रीत. मामींनी तुळशीच्या कुंडीतले चार खडे घेतले आणि पाचवा घेतला कपाटातून. तोही कुठला, तर मधल्या कप्प्यात कापसावर निजवलेला, बोटभर लांबीचा, निळाशार कायनाईट. नोकरीच्या पहिल्या वर्षी मामींच्याच गावच्या टेकडीवर मामांना सापडलेला. त्याच्यावर चाकू ओढायची परवानगी खुद्द मामांनाही नव्हती.

मामा घरी आले, हातपाय धुऊन गौरींपुढं नमस्काराला वाकले, आणि वाकलेलेच राहिले. कायनाईटच्या चिरांत हळद बसली होती. पुढचे दोन दिवस ते गौरींसमोरून हलले नाहीत. हळदीकुंकवाला आलेल्या बायकांनी त्यांच्या भक्तीचं फार कौतुक केलं.

तिसऱ्या दिवशी मी स्कूटर घेऊन गेलो, तेव्हा वाटाघाटी रंगात आल्या होत्या. मामांनी निळ्याच्या बदल्यात दोन गारगोट्या देऊ केल्या. मामी म्हणाल्या, जी बसवली तीच जाणार. मग मामांनी घाटावर गणपती विसर्जनासाठी पाणी भरून ठेवलेल्या काहिलीचा, म्हणजे गुऱ्हाळातल्या मोठ्या कढईचा, विषय काढला, नदी कशाला घाण करायची म्हणाले. उद्या सकाळी काहिलीतून दगड काढून आणायचा बेत मामींनी जागच्या जागी ओळखला. शेवटी मामा खुर्चीवर बसले आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "आगं, त्यो इथला न्हाय. पंचगंगेत ह्याचं कोण हाय? उद्या कुणाला घावला तर त्याला काय कळायचं, कुठला हाय त्यो?"

मामी गौरींची ओटी भरत होत्या. हात न थांबवता त्या म्हणाल्या, "आन् मी कुठली हाय?"

मामा उठले. स्वतःच्या हातानं खडे तांब्यात ठेवले आणि माझ्या मागं स्कूटरवर बसले. घाटावर ते पायऱ्या उतरून पाण्याजवळ गेले. चार खडे सोडले. निळा मात्र बराच वेळ ओंजळीत धरून धुवत राहिले. चिरांतली हळद काही निघाली नाही. "जावईबापू," ते मला म्हणाले, "पुढंमागं कुणी माझ्यासारखाच येडा इथं आला, तर डोकं धरून बसंल की बिचारा." एवढं बोलून त्यांनी ओंजळ उघडली. मी उगीच स्कूटरची किल्ली शोधत राहिलो.

घरी आल्यावर मामा सरळ कपाटाकडं गेले. रिकाम्या कापसाखालची चिठ्ठी काढली आणि तिच्यावर एक ओळ वाढवून ती परत ठेवली. मामींना चष्मा सापडेना, म्हणून मी त्यांना वाचून दाखवलं. वरचं नाव आणि ठिकाण तसंच होतं. खाली लिहिलं होतं, "सासर: पंचगंगा, कोल्हापूर."

तो कप्पा अजून रिकामाच आहे. नवा पाहुणा आला की मामा आता सगळ्यात आधी तोच दाखवतात, आणि त्या दगडाबद्दल सांगताना त्यांचा आवाज जरा खाली येतो. मामी चहा घेऊन दारात येतात. निवतोय असं म्हणत नाहीत. मामांचं सांगून होईपर्यंत तशाच उभ्या राहून ऐकतात.