डब्याच्या झाकणातला आलेख

कारखान्यात तिला सगळे आत्या म्हणत. ती कुणाचीच आत्या नव्हती. पण चूक दिसली की कान उपटायची, म्हणून नाव पडलं. काम नकाशे काढण्याचं. मोठे साहेब पॉवर सप्लायची गणितं करत, आत्या ती शाईने स्वच्छ उतरवी.

साहेबांची गणितं म्हणजे सोहळा असे. दार बंद, फोन बंद. करंट किती, व्होल्टेजमध्ये थरथर किती चालेल, मग ती दाबायला कपॅसिटर केवढा लावायचा, एवढ्यासाठी अख्खा दिवस जाई. तोवर जोडणी विभाग माश्या मारत बसे. तिथे आत्याची धाकटी जाऊ होती.

शेकडो कागद उतरवून आत्याच्या लक्षात आलं की आकडे बदलतात, नातं तेच राहतं. शाळेत शिकलेले लॉग तिने झटकून बाहेर काढले आणि आलेखाच्या कागदावर तीन उभ्या पट्ट्या आखल्या. डावीकडे करंट, उजवीकडे थरथर. दोन्ही आकड्यांवर फूटपट्टी आडवी टेकवली की मधल्या पट्टीवर कपॅसिटर सापडे. कागद तिने जेवणाच्या डब्याच्या झाकणात आतून चिकटवला. दुपारी दोघी जावा डबा उघडत, घास घेता घेता फूटपट्टी फिरवत. साहेबांचा कागद चार वाजता यायचा, माल दीड वाजताच टेबलावर मांडलेला असायचा.

साहेब चक्रावले. कुणीतरी आपला खण उघडतंय, असं त्यांच्या मनाने घेतलं. मग त्यांनी सापळा लावला. एक अँपिअर करंट, दोन व्होल्ट थरथर अशी ऑर्डर होती. खणात मुद्दाम दोन हजार मायक्रोफॅरडचा खोटा आकडा लिहून ठेवला, खण उघडा सोडला. दुपारी टेबलावर सत्तेचाळीसशेचा कपॅसिटर हजर. खरं उत्तर पाच हजार, आणि बाजारात त्याच्या जवळचा तोच मिळतो. म्हणजे खणाला कुणी हातही लावला नव्हता.

दुसऱ्या दिवशी ते थेट जेवणाच्या खोलीत आले. जावेने झाकण पालथं केलं, तेच नडलं. साहेबांनी ते उलटं केलं आणि बराच वेळ पाहत राहिले. मग खुर्ची ओढून जुन्या फायली मागवल्या आणि एकेक आकडा झाकणावर ताडून पाहू लागले. दोघींचं जेवण गार झालं. सगळं जुळलं, एक फाइल सोडून. तिथे आलेख सत्तेचाळीसशे म्हणत होता आणि साहेबांचा कागद चारशे सत्तर.

त्या कागदावरून बनवलेले सप्लाय वर्षभर गुणगुणत होते आणि साहेब गिऱ्हाइकाच्या वायरिंगला नावं ठेवत होते.

साहेबांचे कान लाल झाले. आवाज खाली आणून म्हणाले, "बाई, हे बाहेर जायला नको."

"नाही जाणार," आत्या म्हणाली. "पण मला तुमच्या खोलीत टेबल हवंय. खिडकीजवळचं."

जावेला ठसका लागला.

टेबल महिन्याभरात मिळालं, हुद्दाही मिळाला. गुणगुणणारे सप्लाय गुपचूप परत मागवून दुरुस्त झाले. आत्याने तारेच्या जाडीचा, फ्यूजचा, उष्णतेचा असे आणखी अकरा तक्ते काढले. ते छापताना वर कुणाचं नाव यावं, यावरून दोघे आठवडाभर अडून बसले. अखेर साहेब नमले. पण खाली 'तपासले' असं लिहून त्यांनी केलेली सही तिच्या नावापेक्षा दुप्पट मोठी होती. आत्याने ती तशीच राहू दिली. शाईने उतरवताना मात्र जराशी बारीक केली.