तिसरा तुकडा

अख्ख्या सोलापुरात निरोप म्हणजे काय हे कळलेला माणूस एकच, आणि ते म्हणजे माझे मामा. कुणाची भीड न धरता हे लिहितो. नव्या पेठेत त्यांचं चादरी-टॉवेलांचं दुकान. गिऱ्हाइकाला भाव सांगितला की मामा गप्प बसायचे. गिऱ्हाईक "पोचलं" म्हणाल्याशिवाय पुढचं बोलणं नाही. म्हणालं नाही तर तोच भाव, त्याच आवाजात, पुन्हा. घरीही तेच. सकाळी पायरीवरून "जेवायला येत न्हाई!" असं ओरडायचे आणि आतून मामींचं "पोचलं हो, गल्लीला पोचलं!" आल्याशिवाय चप्पल पायात घालायचे नाहीत.

ह्या खुळाचं मूळ रद्दीत होतं. चादरी बांधायला आणलेल्या रद्दीत त्यांना एक अमेरिकन मासिक सापडलं. त्यात लिहिलं होतं : तिकडच्या विद्यापीठांनी आपली गणकयंत्रं तारांनी एकमेकांना जोडली आहेत. एक यंत्र निरोपाचे तुकडे करून त्यांवर नंबर घालतं, तुकडे वेगवेगळ्या वाटांनी जातात, पलीकडचं यंत्र ते जुळवतं आणि पोचल्याचं उलट कळवतं. एखादा हरवला तर तेवढाच पुन्हा धाडतात. डिक्शनरी घेऊन मामांनी तो लेख पचवला आणि त्यानंतर ते आमचे राहिले नाहीत. आमच्याकडे यंत्रं कुठली? मग माणसं. मामींना तूरडाळ हवी असली की किराणा दुकानात तीन माणसं तीन गल्ल्यांनी जायची. एक म्हणायचा "अर्धा किलो", दुसरा "तूरडाळ", तिसरा "आजच". दुकानदारानं एकदा हात जोडले, "मालक, रोज मीच येऊन विचारत जातो की!"

मी गिरणी कामगारांची पत्रकं काढणारा. मला ह्या प्रकाराची चीड यायची. गिरणीत माणसं कापसाच्या धुळीनं खोकून मरतायत आणि आमचे मामा अमेरिकेच्या लष्करी पैशावर पोसलेल्या खेळण्याचं कौतुक करतायत! तोंडावर तसं बोललो. मामा चादर उलगडत म्हणाले, "पैसा लष्कराचा, हाय की. पण ह्याला मधला मालक न्हाई, ते बघ. ट्रंक कॉल एक्स्चेंजातनं जातो. तितं एकानं तार काढली की गाव मुकं. हितं एक धागा तुटला तर निरोप शेजारच्या धाग्यानं जातो. तुझी सगळी पत्रकं एका पिशवीत. पिशवी धरली की तुझी क्रांती संपली. पोचलं?" मी मुद्दामच गप्प राहिलो. त्यांनी सगळं पुन्हा ऐकवलं.

मग आणीबाणी आली. गिरणीतल्या कामगारांना घराघरांतून उचललं आणि एकाही वर्तमानपत्रात त्याची ओळ आली नाही. ती ओळ छापण्यासाठी मी वैरागला एका मित्राकडे लपलो होतो. सोमवारच्या पहिल्या एस्टीनं पत्रकं घेऊन सोलापूरला निघायचं ठरलं होतं. शनिवारपासून मामांचे तुकडे येऊ लागले. एक पानवाला येऊन म्हणाला, "एक नंबर : सोमवारी." कंडक्टर म्हणाला, "दोन नंबर : सोलापूरला." रविवारी बांगड्या विकणारी बाई आली, "चार नंबर : स्टँडवर उभे हायत." तीन नंबर आलाच नाही. मित्र म्हणाला, "कळलं की! आपली माणसं स्टँडवर घ्यायला येणार. आनि काय पायजे?" मलाही ते पटलं.

मामांना गाडी लागते. जकात नाक्यापलीकडे ते एस्टीनं कधी गेले नव्हते. माझ्या आईच्या लग्नाचं वऱ्हाड एस्टीनं गेलं तेव्हा हे मागून बैलगाडीनं आले. सोमवारी मी पिशवी मांडीवर घेऊन बसलो होतो, ड्रायव्हर चढत होता, आणि खिडकीखाली मामा उभे. चेहरा पांढराफटक, सदरा रात्रीच्या एस्टीतल्या ओकारीनं भिजलेला.

"तीन नंबर," ते म्हणाले. "येऊ नको."

स्टँडवर उभे होते ते पोलीस.

"तीन नंबरवाला मोहोळच्या वाटेनं धाडला, तर मेव्हण्याकडं जेवाय बसला भाड्या. पोचलं म्हण."

"पोचलं."

मी उतरलो. मामांनी माझ्या हातातली पिशवी घेतली आणि माझ्याच जागेवर जाऊन बसले.

"मामा, पिशवी धरतील!"

"धरू दे की."

सोलापूरच्या स्टँडवर पोलिसांनी पिशवी धरली. आत दोन टॉवेल निघाले. पत्रकं वाटेतल्या थांब्याथांब्यावर उतरणाऱ्या माणसांबरोबर पांगली होती, आणि त्याच आठवड्यात ती चारी दिशांनी गिरण्यांच्या दारात आली. पुरावा नव्हता. त्या दिवसांत तो लागत नसे. आणीबाणी उठेपर्यंत मामा आत होते. ज्यांनी त्यांना आत घातलं ते आजही आपापल्या खुर्च्यांवर आहेत, हेही इथं लिहून ठेवतो.

सुटले त्या दिवशी तुरुंगाच्या दारात मी आधी तेच बोललो, "मामा, पोचलं." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. इतके महिने ह्या माणसाला उलट निरोप मिळालेला नव्हता. "सगळ्या वाटांनी?" "सगळ्या." ते नुसती मान हलवत राहिले.

आता दुकानात मामा भाव एकदाच सांगतात. गिऱ्हाइकानं ऐकला न ऐकला, पुन्हा सांगत नाहीत. सकाळी पायरीवर येतात, काही न बोलता चप्पल शोधतात. आणि आतून मामी, गल्लीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं, रोज म्हणतात, "पोचलं हो!"