झाकीसाठी घरी आणलेला मुलगा

आमच्या शेजारचे गोपीनाथकाका मिलमध्ये फिटर होते आणि स्वभावानंही फिटरच. बिघडलेली वस्तू समोर आली की खोलायची, साफ करायची, चालू करून द्यायची. आमचा पंखा, रेडिओ, आईची शिलाई मशीन, सगळं त्यांनी असंच मार्गी लावलं होतं. वाईट एवढंच, की स्वतःच्या मुलालाही त्यांनी त्यातच धरलं.

मिल बंद पडली तेव्हा त्यांचा हृषीकेश चौदा वर्षांचा होता. इंदूरमध्ये नवनवी दुकानं उघडत होती, घरोघरी रंगीत टीव्ही येत होते, आणि आमच्या परदेशीपुऱ्यात धडधाकट माणसं भर दुपारी ओट्यावर पत्ते कुटत बसलेली. पोरं कुठं जातात, काय करतात, हे बघायला कुणाचं डोकं ठिकाणावर होतं? मिलच्या मागच्या भिंतीपाशी पोरं चांदीच्या पन्नीवर स्मॅकची पूड जाळून तिचा धूर ओढायची. हृषी त्यांच्यात जाऊन बसला, हे घरच्यांना कळायलाच दोन वर्षं लागली. काकांनी त्याला बदडला, कोंडला, हातोदला मामाकडे धाडून पाहिला. शेवटी यमुनाकाकू हट्टाला पेटल्या, तेव्हा कुठं तो राऊच्या रस्त्यावरच्या एका व्यसनमुक्ती केंद्रात गेला.

तिथल्या शालिनीताई सांगायच्या, अंगातली नशा लवकर उतरते, खरं काम त्यानंतर सुरू होतं. मुलांनी रोज एकत्र बसून बोलायचं, जुनी संगत तोडायची, आणि रविवारी आईवडिलांनी येऊन मुलासोबत बसायचं. काका एकाही रविवारी गेले नाहीत. "आजारी तो आहे, मॅडमजी. मला कशाला बसवता?" काकूंनाही त्यांनी एकटं जाऊ दिलं नाही. त्यांचा हा ताठा माझ्या तेव्हाही डोक्यात जायचा.

महिन्याभरात हृषीचा चेहरा भरला, भूक लागायला लागली. गणपती जवळ आले होते. मिल बंद असली तरी अनंत चतुर्दशीच्या मिरवणुकीतली मिलची झाकी, म्हणजे चित्ररथ, कामगारांनी बंद पडू दिली नव्हती. वर्गणी मागून, रुसवेफुगवे काढून ते ती उभी करायचेच. त्यातल्या मूर्ती हलवणारी यंत्रं काका बसवायचे. काका राऊला गेले आणि मुलाला घेऊनच आले.

"पोरगा बिलकुल साफ झाला आहे," ते शालिनीताईंना म्हणाले. "आता इथं फालतू में बसून दिमाग खराब होईल त्याचा. माझ्यासोबत झाकीवर लागेल. हात चालत राहिले की बस, सगळं ठीक!"

झाकी बनायची मिलच्याच शेडमध्ये. ती भिंत तिथून हाकेच्या अंतरावर होती, पण हे काकांच्या मनातही आलं नाही. मिल ही त्यांच्या लेखी देवळासारखी जागा होती.

सुरुवातीला हृषी खरंच रमला. गरुडाचे पंख त्यानं एकट्यानं हलते केले, आणि काका येणाऱ्याजाणाऱ्याला धरून ते दाखवत सुटले. इतके खुश ते मिल बंद झाल्यापासून दिसले नव्हते. मग एका दुपारी त्यांनी त्याला सियागंजाच्या बाजारातून बल्ब आणायला पाठवलं. तो बल्ब घेऊन परतला, पण शेडमध्ये आला नाही. लोकांनी शोधला तेव्हा भिंतीमागे पडलेला होता, बल्बची पिशवी शेजारी नीट ठेवलेली.

पूर्वी घ्यायचा तेवढंच त्यानं घेतलं होतं. नशा सुटलेल्या शरीराला ते झेपत नाही, जीव जातो. शालिनीताई हेच रविवारी आईवडिलांना बसवून सांगत असत.

दिवसकार्य झाल्यावर त्या भेटायला आल्या. काकू भिंतीला टेकून होत्या. काकांनी विचारलं, "अजून किती ठेवायला पाहिजे होता?"

"तीन महिने तरी," शालिनीताई हळूच म्हणाल्या.

"तीन महिने," काका म्हणाले. त्यांनी काकूंकडे बघितलं नाही. "मिल उघडेल म्हणून चार वर्षं मी रोज गेटवर जाऊन बसलो, मॅडमजी. रोज. आणि पोरासाठी तीन महिने मला थांबता आलं नाही."